डब्यातली भुणभुण

मी सहासष्ट वर्षांची अल्लड पोरगी होते तेव्हाची ही गोष्ट. आता अडुसष्टची झाले, थोडी अक्कल आली, म्हणून लिहायला बसले आहे.

त्या पोरीला कुणीतरी सांगितलं की नागपुरात एक संस्था आहे, ती ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून घेते, आणि तिला वाचणारे पाहिजेत. झालं. सत्तावीस वर्षं अंगणवाडीत गोष्टी सांगितलेली बाई. आपला आवाज म्हणजे आपलाच, असं तिला वाटायचं. तिनं फोन लावला.

पलीकडच्या बाईंना स्वतःलाही दिसत नव्हतं. त्यांनी शांतपणे नियम सांगितले. घरीच वाचायचं, पण कॉम्प्युटरवर. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालत नाही. आधी दहा मिनिटांचा नमुना पाठवायचा, सलग, मध्ये कापाकापी नाही. नापास झाला तर दुसरा, मग तिसरा. तिसराही नापास झाला तर विषय संपला, कारण रांगेत इतर लोक आहेत. आणि प्रत्येक नमुन्याच्या सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसायचं.

"गप्प कायले?" मी विचारलं. गप्प बसायला मला कुणी सांगितलं की मी आधी कारण विचारते.

"त्या दहा सेकंदांत तुमची खोली ऐकू येते, काकू. आमची मुलं परीक्षेच्या दिवसांत सहा सहा तास हेडफोन लावून ऐकतात. मागे बारीकसाही आवाज असला तरी डोकं उठतं."

मी गावभर सांगून टाकलं की मी समाजसेवा करणार आहे. खरी गोष्ट वेगळी होती, ती मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. आमचे हे कारखान्यात फिटर होते. कानात बोळे घालायचा त्यांनी आयुष्यभर कंटाळा केला आणि साठी उलटल्यावर कानांनी त्याचं उट्टं काढलं. मुलगा-सून पुण्याला. अंगणवाडी सुटली. वरठीच्या या घरात आम्ही दोघंच, आणि त्यातल्या एकाला प्रत्येक वाक्य तीनदा ओरडून सांगावं लागतं. ओरडून फक्त 'जेवायले या' आणि 'गॅस बंद करा' एवढंच सांगता येतं. ओरडून कुणाची नक्कल करता येत नाही, चहाडी करता येत नाही, एखादी गोष्ट रंगवून सांगता येत नाही. माझं हळू आवाजातलं बोलणं ऐकणारं माणूस मला हवं होतं. ते नागपुरात होतं, आणि त्याच्यापर्यंत जायला माझ्याकडे तीन संधी होत्या.

मुलगा फोनवर म्हणाला, लॅपटॉप घे, एका दिवसात येईल. ह्यांनी मान हलवली. "ज्याले स्क्रू नाही ते घरात आणायचं नाही. बिघडलं तं उघडून पाहता आलं पायजे." फिटरचा धर्म. म्हणून आम्ही सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर घरीच जोडायचा असं ठरलं, आणि एका सकाळी भंडाऱ्याला दुकानात गेलो.

ह्यांनी दुकानात जे केलं त्यावर मी तेव्हा हसले होते. पॉवर सप्लाय नावाचा एक डबा असतो, तो घरची वीज कॉम्प्युटरला पचेल इतकी करून देतो. दुकानदारानं दोन प्रकारचे समोर ठेवले. ह्यांनी एक एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात घेतला आणि बाजारात वांगी तोलावी तसे तोलले.

"हा घेऊ. याच्यात माल आहे. तो निरा पत्रा आहे."

दुकानदार म्हणाला, "बाबा, हे बरोबर बोलले तुमी."

मी मात्र कॅबिनेटपाशी उभी होते. कॅबिनेट म्हणजे ज्यात हे सगळं बसवायचं ती पेटी. एका बाजूला काच, समोर चार पंखे, आणि चारही पंख्यांत क्षणाक्षणाला बदलणारे रंग. शेजारी एक काळी, मुकी, जाड पत्र्याची पेटी होती. दुकानदार म्हणाला ती आवाज कमी करते. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लग्नाचा शालू घेताना सुताचा पोत न बघता जरतार बघणारी मी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी काय वेगळं करणार?

"हे तं मंडईच्या जत्रेतला पाळणा वाटून राहिला," हे म्हणाले.

"मंग काय झालं? बसा पाळण्यात."

दुकानदारानं विचारलं, काम कशाचं आहे? खरं म्हणजे तिथे सांगायला हवं होतं की बाबा, आवाज रेकॉर्ड करायचा आहे. पण आजूबाजूला चार तरुण गिऱ्हाइकं उभी होती. मी पदर सावरून म्हणाले, "भारी काम आहे." भारी कामाला त्या बिचाऱ्यानं भारी ग्राफिक कार्ड दिलं, तेही दोन पंख्यांचं. खेळ खेळणाऱ्या पोरांना लागतं ते. मी त्यावर मोठमोठ्यानं धडे वाचणार होते.

घरी दोन दिवस जोडणी चालली. मी मोबाइलवरचा व्हिडिओ बघून सांगायची, तेही ओरडून, आणि हे स्क्रू पिळायचे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं जागच्या जागी बसलं. बटण दाबलं तेव्हा काचेमागे लाल, हिरवं, जांभळं चमकायला लागलं आणि आठही पंखे एकदम फिरले. चार पेटीचे, दोन ग्राफिक कार्डाचे, एक प्रोसेसरवरचा, एक पॉवर सप्लायचा. आमच्या अख्ख्या घरात छताला तीन आहेत.

"आवाज येते काय हो?" मी ओरडून विचारलं.

ह्यांनी मान तिरपी करून ऐकलं. "काहीच नाही. लय शांत मशीन आहे."

आणि त्या हुशार पोरीनं बहिऱ्या माणसाचं प्रमाणपत्र घेऊन पहिला नमुना पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "काकू, वाचन गोड आहे. पण तुम्ही राइस मिलमध्ये बसून वाचता का?"

मी हसून वेळ मारून नेली. तिनातली एक गेली.

पंख्यांचा माग ह्यांनी काढला, आणि त्यांच्या पद्धतीनं काढला. कान कामाचे नव्हते म्हणून डोळे मिटून बोटांची टोकं पेटीवर टेकवायची, थरथर कुठे जास्त आहे ते बघायचं. मी ऐकायची, ते चाचपायचे. मी घाईनं दोन पंख्यांच्या वायरी सोबत उपटल्या, तर त्यांनी माझा हात धरला.

"एक एक काढ. दोन सोबत काढले तं चोर सापडत नाही."

एक एक काढत गेलो. ग्राफिक कार्ड काढल्यावर अर्धी गिरणी थांबली, आणि पडद्यावरचं चित्र होतं तसंच राहिलं. भारी कामाचं कार्ड मी साडीच्या डब्यात ठेवून दिलं. रंगीत पंख्यांतले दोन काढले, दोन मंद केले. पेटीच्या पायाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवले. खोली एवढी शांत झाली की भिंतीवरची पाल बोलली तर कळावं.

तेवढ्यात दसरा आला. आमच्याकडे नवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाड, ह्यांचे पाने-पक्कड, माझी शिलाई मशीन. त्या वर्षी ओळीत कॉम्प्युटरही बसला. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि मी मूठभर अक्षता वरून वाहिल्या. पेटीला वर जाळी होती हे मला माहीत होतं. अक्षता वाहताना मात्र माझे डोळे भक्तीनं मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी टिक, टिक, टिक. घड्याळासारखं, पण घड्याळापेक्षा घाईचं. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, पंखा बनवणाऱ्याला घातल्या, घराजवळून जाणाऱ्या रेल्वेच्या हादऱ्यांनाही घातल्या. ह्यांनी पेटी उघडली, बोट फिरवलं आणि पंख्याच्या पात्यापाशी अडकलेला एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

"चिन्नोर तांदूळ आहे," ते म्हणाले. "वास घेऊन पाहा."

मदरबोर्डवरून आणखी तेवीस दाणे निघाले. चिमट्यानं एकेक काढताना माझा जीव टांगणीला लागला होता, कारण कुंकवाचाही शिडकावा झाला होता. कुठे काही जळलं असतं तर तिसऱ्या नमुन्यापर्यंत पोचायचीही वेळ आली नसती. काही जळलं नाही. मी दुसरा नमुना वाचला, स्वतः तीनदा ऐकला आणि पाठवला.

या खेपेला फोन यायला सात दिवस लागले. सात दिवस मी मोबाइल कमरेला खोचून हिंडले.

"पंखे गेले," बाई म्हणाल्या. मी श्वास सोडणार तोच पुढे म्हणाल्या, "पण खाली भुणभुण आहे. डब्यात भुंगा कोंडावा तशी. तुम्ही थांबता तेव्हा ती पुढे येते. काकू, असं दोन तास ऐकलं तर माणूस हेडफोन काढून ठेवेल."

"मले तं ऐकू नाही आली."

"आवाज मोठा करून ती पहिली दहा सेकंदं ऐका. आणि तिसरा नमुना येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत हवा. यादी बंद होतेय."

तो मंगळवार होता.

मी हेडफोन लावला, आवाज शेवटपर्यंत वाढवला, आणि ती होती. घूंऽऽ असा एकच सूर, ना चढ ना उतार. एकदा ऐकल्यावर ती मला सगळीकडे ऐकू यायला लागली. जेवताना, अंघोळ करताना, देवापुढे बसल्यावर. छताचा पंखा बंद केला, होती. ट्यूबलाइट बंद केली, होती. फ्रिज बंद केला, दूध नासलं, ती होतीच. माइक दुसऱ्या टेबलावर नेला, वायर बदलली, माइकवर ब्लाउजपीस गुंडाळला. काहीच फरक नाही.

बुधवारी ह्यांनी पेटीवर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि मान हलवली. "इथे काही नाही. हा आवाज लोखंडात नाही."

लोखंडात नसलेल्या आवाजाचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत त्यांचा असा चेहरा मी क्वचितच बघितला होता. ते बाहेर जाऊन बसले. मला मात्र वाटलं, चोर सापडला. वजन करून घेतलेला तो पॉवर सप्लाय. वीज त्याच्यातून येते, भुणभुण त्याच्यातूनच येणार. आणि तो ह्यांनी निवडलेला होता, हा पुरावा मला पुरेसा होता.

गुरुवारी दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. कॉम्प्युटर बंद केला, म्हणजे बटण दाबलं. प्लग बोर्डातच होता. तो काढायचा असतो हे त्या विदुषीच्या डोक्यात आलं नाही. पेटी उघडली आणि त्या डब्याचे चारातले तीन स्क्रू काढले. चौथा घट्ट होता. मी ओठ आवळून जोर लावत होते, तेवढ्यात मागून एक हात आला आणि माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी पिचली.

हे चहासाठी उठले होते. आधी माझा हात मागे ओढला, मग बोर्डाकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं.

"प्लग लागून आहे," ते म्हणाले. नेहमी ओरडून बोलणारा माणूस, त्या दिवशी हळू बोलला. "अन् प्लग काढला तरी याच्या पोटात वीज राहते. हा डबा खोलायचा नसते. मी बी नाही खोलत."

भ्यालेलं दाखवायला नको म्हणून मी म्हणाले, "मंग भुणभुण कुठून येते ते सांगा."

प्लग काढण्याआधी त्यांनी सवयीनं हाताची उलटी बाजू पेटीच्या पत्र्याला हलकेच टेकवली. जुने फिटर असंच करतात. करंट असला तर हात आपोआप मागे येतो. हात मागे आला.

"मुंग्या येऊन राहिल्या."

"त्या तं मले रोजच येतात," मी म्हणाले. "ओठाले. माइकच्या जाळीले ओठ लागला की."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओठावर बोट ठेवून पुन्हा ओरडले.

"कवापासून?"

"महिना झाला असन."

"अन् सांगितलं काहून नाही?"

काय सांगणार होते? या वयात वाचताना ओठांना मुंग्या येतात, गोड वाटतं, असं? मला वाटलं होतं वाचनाचा आनंद असा असतो.

ह्यांनी प्लग काढला, जाऊन होल्डरमधला एक जुना पिवळा बल्ब आणि दोन वायरी आणल्या. वायरीचं एक टोक बोर्डातल्या विजेच्या भोकात, दुसरं तिसऱ्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगच्या. मला दोन हात लांब उभं केलं आणि बटण दाबलं. बल्ब पेटायला हवा होता. पेटला नाही.

"अर्थिंग मेली आहे," ते म्हणाले. "जमिनीत जायची वीज पेटीत फिरून राहिली. पेटीतून तुझ्या माइकात. भुणभुण तीच आहे." आणि त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. लोखंडात नसलेला आवाज त्यांना सापडला होता.

आम्ही मागे बाडीत, म्हणजे परसात गेलो. मीटरपासून एक जस्ताची जाड तार भिंतीवरून उतरते आणि बाडीच्या कोपऱ्यात जमिनीत जाते, असं ह्यांना आठवत होतं. घर बांधताना त्यांनीच खड्डा खणून कोळसा-मीठ भरलं होतं. तार भिंतीवरून उतरत होती. डोक्याच्या उंचीवर आली आणि संपली. टोक पक्कडीनं तोडल्यासारखं चपटं.

"कोण तोडली?" ह्यांनी बोटानं टोक चाचपलं. "रंगवाल्यानं? नाही, वायरमननं. त्यानं बाकीची तार विकून खाल्ली."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. आमचा वायरमन आता माझ्या एवढाच म्हातारा आहे, गुडघे धरून चालतो, आणि दर दिवाळीला आमच्याकडे चिवडा खाऊन जातो. हे त्याचा नंबर शोधत होते आणि मी वालाच्या मांडवाकडे बघत होते.

मांडव म्हणजे चार बांबू आणि त्यांवरून ताणलेली तार. वेल दरवर्षी नवा, तार तीच. जस्ताची, जाड. बांबूला तीन वेढे, मग एक आडवा, आणि टोक आत दाबलेलं. अशी गाठ गावात मी सोडून कुणी मारत नाही. आईकडून शिकले होते. आणि मला सगळं आठवलं. चोवीस वर्षांमागची ती बेचाळीस वर्षांची बाई, वालाचा वेल वाढलेला, घरात सुतळी नाही, आणि भिंतीवरून एक तार रिकामटेकडी मातीत उतरतेय. कामाची असती तर तिला काहीतरी जोडलेलं असतं, असं ती बाई स्वतःशी म्हणाली होती. पक्कड ह्यांचीच घेतली होती.

त्यानंतर चोवीस वर्षं आमचा फ्रिज ओल्या हातानं उघडला की चिमटा काढायचा. मी घरात नियमच केला होता: फ्रिज उघडायचा तर चप्पल घालून. पाहुण्यांनाही सांगायची. पाहुणे चप्पल घालून पाणी घ्यायचे आणि मी त्यांना सांगायची की थंड फरशीनं पाय धरतात.

मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. वाल काढून टाकायचा, तार गुंडाळून फेकायची. ह्यांनी नंबर लावला, फोन कानाला लावला. त्यांना ऐकू येत नाही म्हणून स्पीकर सुरू केला. घंटी वाजायला लागली. तो म्हातारा फोन उचलणार आणि शिव्या खाणार.

"मी तोडली," मी म्हणाले.

"आँ?"

"मी तोडली तार."

"काय मोडली?"

कबुलीही आमच्याकडे ओरडूनच द्यावी लागते. मी सगळा जोर लावून ओरडले, "अर्थिंगची तार मीच तोडली. वालाच्या मांडवाले." कुंपणापलीकडची शेजारीण धान वाळत घालत होती, तिचे हात थांबले. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं, पण तिसऱ्यांदा ऐकायलाही ती थांबली.

ह्यांनी फोन बंद केला. मांडवापाशी गेले, गाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी ते एक शब्द बोलले नाहीत. बहिऱ्या माणसाचा अबोला फार वाईट. आपण ओरडलो तरी तो मोडत नाही. ताट सारून हात धुतल्यावर म्हणाले, "गाठ पक्की आहे. चोवीस वर्षं ढिली नाही झाली."

शुक्रवार खड्डा उकरण्यात गेला. कोळसा कोरडा राख झालेला. नवा कोळसा, मीठ, नवी तार. काळी धूळ ह्यांच्या नाकातोंडात गेली. दिवसभर शिंकत होते. दिवस कलताना त्यांनी पुन्हा तो बल्ब लावला. आत फक्त एक लाल केस दिसला, विझत्या विडीसारखा. मी बादलीनं खड्ड्यात पाणी ओतायला लागले. दुसरी बादली. तिसरी. दारातून हे बघत होते आणि हातानं खुणावत होते, अजून. सातव्या बादलीला त्यांनी हात खाली केला. मी आत येऊन बघितलं. बल्ब लख्ख पिवळा पेटला होता.

शनिवारी सकाळी पेटीला हात लावला तर मुंग्या नव्हत्या. हेडफोन लावून दहा सेकंद ऐकलं. काहीच नाही. इतकं काहीच नाही की मला भीती वाटली.

आता फक्त गाडीचा प्रश्न राहिला होता. आमचं घर रुळांपासून लांब नाही, आणि या मार्गावर गाड्यांना तोटा नाही. दहा मिनिटं सलग, कापाकापी नाही. पहिल्या वेळी चौथ्या मिनिटाला मालगाडी आली. दुसऱ्या वेळी सातव्याला भोंगा. तिसऱ्या वेळी मीच अडखळले. दुपारचे तीन वाजले. घसा बसायला लागला होता. संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, आणि आवाज गेला असता तर शांत खोलीचा काय उपयोग?

ह्यांनी खुर्ची आत आणली. एक तळहात टेबलावर, एक पाय चप्पल काढून फरशीवर. "गाडी मले पहिले समजते. तू वाच."

मी दहा सेकंद गप्प बसले. वाचायला लागले. पाच मिनिटं. सहा. पुस्तक विहिरींबद्दलचं होतं, साधं, शाळेतलं. नवव्या मिनिटाला ह्यांनी फरशीवरच्या पायाचा अंगठा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. गाडी निघाली होती. मला अजून काही ऐकू येत नव्हतं. शेवटचा परिच्छेद उरला होता, आणि घाई केली तर ती घाई ऐकू जाणार. मी त्याच चालीनं वाचत राहिले. पूर्णविरामाला थांबले, स्वल्पविरामाला थोडी थांबले. ह्यांनी दुसरा हातही टेबलावर ठेवला. शेवटचा शब्द. दोन सेकंद. बटण.

मग भोंगा वाजला.

मी नमुना पाठवला आणि पाणी प्यायला उठले. पाय अनवाणी होते. फ्रिज उघडल्यावर लक्षात आलं.

सोमवारी फोन आला. मी उभीच राहिले.

"काकू, दहा सेकंदं स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "भुणभुण नाही. पण सहाव्या मिनिटापासून तुमच्यासोबत कुणीतरी आहे. श्वास ऐकू येतो. नाक चोंदलेलं आहे त्यांचं."

तिसरा नमुना. मग मी म्हणाले, "आमच्या घरचे आहेत. त्यांना ऐकू येत नाही. गाडी आली तर सांगायला बसले होते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मी मोजत होते, दहापेक्षा जास्तच असेल.

"पास आहे," त्या म्हणाल्या. "पहिलं पुस्तक पाठवते. पण त्यांना बाहेर बसवा."

हे ओसरीत पेपर वाचत होते. मी जाऊन ओरडले, "पास."

"आँ?"

"पास झाली. पण तुमच्या नाकाचा आवाज येते म्हणते. तुमाले बाहेर बसवा म्हणते."

त्यांनी पेपर खाली ठेवला. जरा हिरमुसले असावेत. चेहऱ्यावर दाखवत नाहीत, पण कान लाल होतात. "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "तू वाचते तवा टेबल थरथरते. हातावर समजते मले. गाडीचं वेगळं, तुझं वेगळं."

एवढ्या वर्षांनी हे. मी भांडणच काढलं. "म्हणजे मी बोलते ते सारं तुमाले समजते? अन् मी इथे गळा फाडून राहिली?"

"समजत तं नाही," ते म्हणाले. "समजत तं कान होते तवा बी नव्हतं."

मी त्यांची खुर्ची उचलली आणि दाराबाहेर, भिंतीला अगदी चिकटून ठेवली, म्हणजे बसल्या बसल्या तळहात भिंतीवर टेकता येईल.